बोक्याचं कडवं आणि मनीषाताई

मनीषाताई,

तुझ्या शोकसभेत तुझ्या कंपनीचे साहेब बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "मनीषाचं डोकं म्हणजे काय सांगावं! त्या गाण्यावरून जो वाद झाला ना, तो तिचा मास्टरस्ट्रोक होता." लोकांनी माना डोलावल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून, नाहीतर त्याही पडल्या असत्या. ज्याच्यावर ते गाणं होतं तो पुढारी पहिल्या रांगेत बसला होता, पांढरे कपडे, हात जोडलेले. त्याच्या शेजारी तुझे वडील, नाना. आणि मी मागं, बायकांच्या बाजूला, दातओठ खात.

तू असतीस तर पहिल्यांदा हसली असतीस, मग म्हणाली असतीस, "करुणा, गप्प बस, नंतर बोलू." आता नंतर उरलेलं नाही. म्हणून आत्ताच बोलते, आणि 'तुमी' सोडून 'तू' म्हणून बोलते. तुझ्याबद्दल चांगलं चांगलं लिहायला सांगितलंय मला. ते लिहिणारे पुष्कळ आहेत. मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि तुझ्या बाजूनंही भांडायचं आहे, आणि ही दोन्ही भांडणं एकाच वेळी चालू आहेत.

नारायणगावात मी शिकवते त्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी प्रवेशाची चौकशी करायला बाई आल्यात. डोक्यावर सरकवलेला चष्मा, पायात धुळीनं माखलेले बूट, हातात मोबाइल. मुलं टायपिंग करत होती. तू सगळ्यांसमोर व्हिडिओ लावलास. पिंपळवंडीत आमच्या विहारापुढं जयंतीच्या दिवशी मी म्हटलेला रॅप. कुणीतरी फोनवर काढलेला, आवाज फाटलेला, मागं पोरं ओरडतायत.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"चाल कुणी दिली?"

"चाल नाय त्याला. ठेका हाय."

"आणि यातला बोका कोण?"

"तुमाला म्हाईत हाय."

तू चष्मा डोळ्यांवर घेतलास. "मला माहीत आहे," म्हणालीस. "आमच्या घरी चहा प्यायला येतो."

त्याच क्षणी तू मला आवडलीस. वारूळवाडीच्या बागायतदाराची मुलगी, पुण्या-मुंबईत सिनेमांची जाहिरात करणारी, आणि पहिल्याच भेटीत स्वतःच्या घरातला चहा माझ्यापुढं मांडणारी. मी संशय धरायला हवा होता. तोही धरलाच मी, पण नंतर.

गाणं कशावर आहे हे तुला सांगावं लागलं नव्हतं, पण तू विचारलंस म्हणून मी सांगितलं. आमच्याकडं बिबट्या ही बातमी नाही, शेजारी आहे. ऊस वाढला की तो त्यात राहतो, पिल्लं घालतो, ऊस तुटला की बाहेर पडतो. माझी कौसाआत्या आणि तिचा नवरा दुसऱ्याच्या उसाला पाणी धरायला जायचे. शेतीची लाईट रातचीच यायची, मग पाणीही रातचंच. एका पहाटे आत्या बांधावरून पुढं चालत होती. तिचा नवरा मोटर बंद करायला मागं राहिला होता. बॅटरीच्या उजेडात त्याला आधी तिचं फडकं दिसलं.

मग गाड्या आल्या. पिंजरा आला. पुढारी आला, आमच्या दारात खुर्चीवर बसला, माझ्या आजीच्या हातात हात घेतला, फोटो काढून झाल्यावर तो सोडला. उठताना शेजारच्या माणसाला हळूच म्हणाला, "काय नाव हो बाईंचं?" हळू म्हणाला, पण मी तिथंच उभी होते. नाक्यावर त्याचा फ्लेक्स लागला, पिंजऱ्याशेजारी उभा राहून बोट दाखवताना. दिवसाची लाईट आम्ही आजीच्या समोरच मागितली होती. ती आली नाही.

त्यावर मी लिहिलं:

ऊसात ऱ्हातंय जनावर, भुकेलं हाय त्ये, भुकेलं,
गादीवर बसलंय कोण ह्ये, खाऊन खाऊन सुकेलं?
दिवसा लाईट मागितली, रातचीच आली दारात,
पाणी धराया आमीच जातो, तुमी झोपता घरात.
बिबट्या कोण? बिबट्या कोण?

आणि मग ते कडवं, ज्यामुळं पुढचं सगळं घडलं:

पिंजरा ठेवला बांधाला, फोटो लावला नाक्याला,
मेलेल्या बाईचं नाव काय? इचारा की ह्या बोक्याला!

"खाऊन खाऊन सुकेलं" हे तुला पटलं नव्हतं. खाऊन कुणी सुकतं का, म्हणालीस. मी म्हणाले, आमच्याकडं एवढे खातात आणि तरी वाळल्या तोंडानं मागतात, त्याला काय म्हणायचं? तू ती ओळ तशीच ठेवलीस. तुझं हे एक बरं होतं, ऐकायचीस. ऐकून पुन्हा तुला हवं तेच करायचीस, पण ऐकायचीस.

तुमचा सिनेमा बिबट्याच्या मागावर निघालेल्या एका वन अधिकाऱ्याचा होता. दिग्दर्शकाला गाणं हवं होतं. ते लोकांपर्यंत कसं न्यायचं, हे ठरवायचं काम तुझं. आपण एसटी स्टँडसमोर उसाचा रस पीत होतो तेव्हा तू मला तुझा धंदा समजावून दिला होतास.

"हे बघ, राजकारणाचं गाणं आहे असं सांगितलं की निम्मे लोक आवाज बंद करतात, आणि उरलेले आपापला पक्ष शोधत बसतात. थराराचं गाणं म्हटलं की सगळे ऐकतात. आधी कानात तर जाऊ दे. एकदा गेलं की आत काय करायचं ते गाणं करेल."

"आणि कानात जायच्या आधीच तुमी त्यातलं निम्मं काढलं तर?"

"निम्मं तरी जाईल. आज किती जातंय? पिंपळवंडीचं विहार आणि चार व्हॉट्सॲप ग्रुप."

मला तुझं म्हणणं खोडता आलं नाही. आजही पुरतं खोडता येत नाही, आणि म्हणूनच राग जात नाही.

ट्रेलर आला तेव्हा मी क्लासमध्येच होते. मुलांनी सगळ्या कॉम्प्युटरवर तो एकदम लावला. अंधार, ऊस, ढोल, माझा आवाज. अंगावर काटा आला, खोटं का बोलू. "बिबट्या कोण? बिबट्या कोण?" आणि ऊस बाजूला सारून बाहेर आला कोण, तर तुमचा हिरो. गॉगल लावून. डरकाळीचा आवाज. खाली अक्षरं, 'गावरान डरकाळी'. मुलांनी शिट्ट्या मारल्या. मी प्रश्न विचारला होता आणि तुम्ही त्याचं उत्तर हिरो करून टाकलं होतं. जो खातो तोच मर्द, तोच देखणा, त्यालाच टाळ्या. लाईटची ओळ नव्हती. बोक्याचं कडवं नव्हतं. माझी आत्या कुठंच नव्हती.

मग मुलाखती. दर मुलाखतीआधी तुझ्या ऑफिसातली एक गोड मुलगी मला बाजूला घेऊन सांगायची, "मॅडम, जात, लाईट, पुढारी, यावर नको हं. संघर्षावर बोला."

"कशाशी संघर्ष?"

"असंच. संघर्ष."

एका चॅनलवर मला 'लेडी बिबट्या' म्हणाले. बिबट्याच्या ठिपक्यांचं जाकीट घालायला दिलं. माझ्या आत्याला ज्यानं नेलं त्याचं कातडं पांघरून मी स्टुडिओत बसावं, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं आणि कुणालाच त्यात काही खटकलं नव्हतं. मी ते घातलं नाही. मेकअपवाल्या बाईंच्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या साध्या पंजाबी ड्रेसवर जाऊन बसले. तुला फोन करून तक्रार केली त्या लोकांनी. तू त्यांना म्हणालीस, "बरोबर केलं तिनं." मला मात्र म्हणालीस, "जरा सांभाळून घेत जा." दोन्हीकडं तू खरीच होतीस, ताई, हेच तर तुझ्याशी भांडताना अवघड जायचं.

आणि मग त्या पुढाऱ्याचा वाढदिवस. नाक्यावर फ्लेक्स, त्यावर त्याचा चेहरा आणि शेजारी जबडा उघडलेला बिबट्या. मिरवणुकीत डीजेवर माझं गाणं. माझाच आवाज विचारत होता, "बिबट्या कोण?" आणि टोप्या घातलेली पोरं पंजे करून ओरडत होती, "आपले भाऊ!" आमच्या घरापर्यंत ऐकू येत होतं. आई भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला, दार लावलं आणि म्हणाली, "कौसाला ह्येच ऐकवायचं ऱ्हायलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी मी तुला मिसळच्या हॉटेलात गाठलं. तू एकटीच बसली होतीस, लॅपटॉप उघडा.

"ज्याच्यावर लिवलं, त्यानंच ते नाचवलं."

"ऐकलं मी."

"मग?"

"वाईट झालं."

"वाईट झालं? ताई, पाऊस नाय पडला की म्हणायचं वाईट झालं. हे झालं नाय, हे तुमी केलंय."

तू चमचा ठेवलास. "हो, मी केलं. तुझं होतं ते सगळ्यांचं केलं. सगळ्यांचं झालं की त्यात तोही आला."

"मग त्याला वगळून सगळ्यांचं करा."

"ते मला येत नाही, करुणा. कुणालाच येत नाही."

"कडवं परत घाला. मग बघू तो कसा नाचतोय."

"निर्माते घाबरतात."

"आणि तुमी?"

तू लॅपटॉप मिटलास. बाहेर एसटी लागल्याची घोषणा चालली होती. मग अगदी घरच्या बोलीत, जी तू कामाच्या माणसांपुढं कधी बोलायची नाहीस, म्हणालीस, "म्या कशाला भेऊ? माझा बाप त्याच्या मांडीला मांडी लावून बसतो, येवढंच हाय."

मंचरच्या मैदानावर दुपारी सिनेमाचा कार्यक्रम होता. हिरो येणार, तो नाचणार, मी मागं उभी राहून "बिबट्या कोण" एवढंच म्हणायचं, तेही रेकॉर्डवर ओठ हलवायचे. मांडव भरला होता. पुढं सोफे, सोफ्यांवर पुढारी आणि त्याची माणसं. मागं उन्हात बायका, कुणी कामावरून तशाच आलेल्या.

स्टेजच्या कडेला तू माझ्याजवळ आलीस. हातात माइक होता, चालू असलेला. साऊंडवाल्याला तू काय सांगितलंस मला कळलं नाही. मला एवढंच म्हणालीस, "तो नुसता ठेका लावतोय. सगळं म्हण."

"सगळं?"

"सगळं. आणि आत्याचं नाव घे."

हिरो नाचायला पुढं आला आणि ओळखीचं संगीत न वाजता नुसता ठेका वाजायला लागला, तेव्हा तो गोंधळून हसला. मी म्हणायला लागले. पहिल्या ओळीला पोरांनी पंजे केले. लाईटच्या ओळीला पंजे खाली आले. मागच्या बायका उठून उभ्या राहिल्या, कारण ती ओळ त्यांच्या घरातली होती. मग मी ते कडवं म्हटलं. ओळीच्या शेवटी थांबले आणि सोफ्याकडं बघून विचारलं, "मेलेल्या बाईचं नाव काय?"

सोफ्यावर कुणी हललं नाही. ठेका चालू होता.

"कौसल्या," मी म्हणाले. "तिचं नाव कौसल्या व्हतं."

मागून एका बाईनं तिच्या गावातल्या मेलेल्या माणसाचं नाव ओरडून सांगितलं. मग दुसरीनं. ठेक्यावर नावं यायला लागली, ताई, जुन्नरातली, आंबेगावातली, म्हातारी, लेकरं. कुणी ठरवलं नव्हतं. मी नुसता माइक पुढं धरून उभी होते. मग कुणीतरी वायर उपटली. त्यानंतरही थोडा वेळ आवाज येत राहिला.

स्टेजच्या बाजूला बघितलं तर तू रडत नव्हतीस. हाताची घडी घालून उभी होतीस. तोंडावर काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. कौतुक म्हणू, की हिशेब जमल्याचं समाधान?

पुढचं सगळ्यांनी बघितलंच. व्हिडिओ सगळीकडं गेला. तक्रार झाली, पोलिसांनी बोलावून जबाब घेतला. सिनेमा चालू देणार नाही अशी धमकी आली. कंपनीनं माफीचा मजकूर पाठवला, मी तो कॅमेऱ्यासमोर वाचायचा होता, आणि तो घेऊन पिंपळवंडीला तुलाच पाठवलं.

तू आमच्या घरात सतरंजीवर बसलीस. आईनं चहा दिला. मी मजकूर मोठ्यानं वाचला, "माझ्या शब्दांमुळे कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर..."

आई म्हणाली, "थांब. कुणाच्या दुखावल्या म्हणं?"

तू म्हणालीस, "असं लिहायची पद्धत असते, मावशी."

"आमच्या दुखावल्या तवा ही पद्धत कुटं गेली व्हती? आमच्या दारात कुणी आलं का वाचून दावायला?"

तू चहा संपवलास. कप स्वतः विसळून पालथा घातलास. मग आमच्या समोर फोन लावलास आणि म्हणालीस, "ती वाचणार नाही. आणि मीही तिला वाच म्हणणार नाही." पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. तू "बरं" म्हणालीस आणि ठेवून दिलास. तुला त्या सिनेमावरून काढलं हे मला तुझ्याकडून कधीच कळलं नाही. त्या गोड मुलीकडून कळलं.

सिनेमा लागला. आणि गंमत बघ, नव्या पोस्टरवर काय आलं? 'ज्या गाण्याला रोखण्याचा प्रयत्न झाला!' ज्यांनी कापलं त्यांनीच रोखल्याची जाहिरात केली. थिएटरं भरली. आणि पडद्यावर गाणं तेच, कडव्याशिवाय, लाईटशिवाय, गॉगलसकट. वाद विकला गेला, ज्यावर वाद होता ते मात्र पडद्यावर कुणी बघितलं नाही. कामाच्या ठिकाणी, एसटीत, लग्नात लोक मला म्हणायला लागले, "ती बाई लई हुशार. तुला बरोबर वापरलं तिनं."

म्हणून मी तुला विचारलं. ओझरच्या धरणाच्या बाजूला गाडी लावून आपण बसलो होतो. तू गणपतीला जाऊन आली होतीस, कपाळावर गंध होतं.

"ताई, खरं सांगा. मंचरला तुमी ते गाण्यासाठी केलं का सिनेमासाठी?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते इचारू नका. तुमी सांगा."

तू हसलीस. "सांगीन कधीतरी. आत्ता सांगितलं तर तू माझ्याशी भांडायची थांबशील."

एवढंच. मग तू विषय बदललास. नानांशी बोलणं बंद झालंय असं म्हणालीस, घरी गेलं तरी ते उठून मळ्यात जातात. मला वाटलं, आपल्याला वेळ आहे.

डेंग्यूनं माणूस जातं हे मला माहीत होतं, तुझ्यासारखं माणूस जाईल हे माहीत नव्हतं. पुण्याच्या हॉस्पिटलात तुला भेटायला आले तेव्हा तुला धड बोलता येत नव्हतं. प्रश्न माझ्या ओठावर होता. विचारला नाही. नाकाला नळी लावलेल्या माणसाकडून कबुली घ्यायला मी काही पोलीस नाही. तू माझी ओढणी चिमटीत धरलीस, रंग बघितलास आणि पुटपुटलीस, "हा कॅमेऱ्यावर चांगला दिसत नाही." माझं आणि तुझं शेवटचं बोलणं हेच.

तर शोकसभा. साहेबांचा मास्टरस्ट्रोक झाल्यावर पुढारी उठला. म्हणाला, "आपल्या मातीतली लेक. तिनं आपल्या भागाचं नाव मोठं केलं. कलेत थोडंफार इकडंतिकडं होतं, आपण मोठ्या मनानं घेतलं." आणि मी उभी राहिले.

"तो मास्टरस्ट्रोक नव्हता," मी म्हणाले. "तक्रार झाली त्या दिवशी तुमी तिचा फोन घेत नव्हता. तिला सिनेमावरून काढलं आन् आज हुशार म्हणताय. जितेपणी ती तुमच्या कामाची नव्हती, मेल्यावर कामाची झाली."

पुढारी फार गोड आवाजात म्हणाला, "पोरी, ही बोलायची जागा नव्हं."

तेव्हा नाना बोलले. बसल्या जागेवरून, त्याच्याकडं न बघता. "जागा माझ्या लेकीची हाय. बोलू द्या तिला."

मग नानाच पुढं बोलले. उठून, खुर्चीची पाठ धरून. "तिनं त्ये कशापायी केलं, मला ठावं न्हाई. धंद्यापायी केलं का ह्या पोरीपायी, तिनं सांगितलं न्हाई. पर ह्ये भाऊ माझ्या घरी आलं व्हतं. म्हणलं, लेकीला माफी मागाया सांगा. म्या सांगितलं तिला. जेवत व्हती. तिनं ताट सारलं आन् उठली. त्यानंतर ती माझ्या घरात जेवली न्हाई." ते थांबले. "म्या तिला बोलावलं बी न्हाई." आणि खाली बसले.

पुढारी लगेच गेला नाही. तो थोडा वेळ बसला, मग कुणाचा तरी फोन आल्यासारखा उठला.

ताई, नानांनी तुझं उत्तर दिलं नाही, आणि मला ते त्यांच्याकडून नकोही होतं. घरी येताना मी ठरवलं की तू काय म्हणून केलंस ते तुझ्याजवळच राहू दे. तू जाहिरातीसाठी केलं असशील तर जाहिरात त्यांनी घेतली. त्या मैदानात बायकांनी उन्हात उभं राहून जी नावं घेतली ती कुणाच्या पोस्टरवर गेली नाहीत, जाणारही नाहीत. माइक तू दिलास. त्याबद्दल मी तुझी आहे, कायमची. गॉगल तू लावलास. त्याबद्दल तुला सोडणार नाही, तेही कायमचं.

परवा कंपनीतून फोन आला. तुला श्रद्धांजली म्हणून गाण्याची नवी आवृत्ती काढायची म्हणे. सुरुवातीला तुझा फोटो, आणि या वेळी कडवंसुद्धा. "बोक्याचं कडवं पण ठेवू मॅडम, आता चालेल. लोकांना हवंय ते." बघ, जेव्हा ते म्हणायला जिगर लागत होती तेव्हा कापलं, आणि आता म्हणणं सोपं झालंय तर ठेवतायत. तू म्हणाली असतीस, "दे करुणा. गेलं तर गेलं, पोचेल तरी." मला तुझा आवाज अगदी ऐकू आला, आणि मी तुझ्याच आवाजाला नाही म्हणाले.

मग त्यांना अट घातली. तुझा फोटो नको. डरकाळी नको, ठिपके नको, हिरो नको. सुरुवातीला काळ्या पडद्यावर कौसाआत्याचं नाव, आणि शेवटी एकच वाक्य, दिवसा लाईट द्या. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, मग ते गाणं राहत नाही, मागणीपत्र होतं."

"व्हू द्या की," मी म्हणाले.

तेव्हापासून त्यांचा फोन नाही. येईल की नाही, मला फरक पडत नाही. आम्ही पिंपळवंडीच्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायका उद्या सकाळी वीज कार्यालयावर जातोय. ठेका आमचाच, हलगी आणि रिकामे डबे. गाणं पूर्ण. मी फक्त सुरुवात करून देणार, बाकीच्यांना आता पाठ आहे.

आज दुपारी क्लासमध्ये अनोळखी नंबरवरून फोन आला. नाना होते. आधी नुसतेच खाकरले.

"उद्या मोर्चा हाय म्हणं तुमचा."

"हाय."

"म्या येऊ का?"

मी म्हणाले, "तुमी कशाला? तुमच्या मळ्यात तुमी थोडंच पाणी धरता?"

"त्येच म्हणतोय म्या," नाना म्हणाले. "ऊस माझा हाय. मोटर माझी हाय. रातचं पाणी धराया दुसऱ्यांची माणसं माझ्या रानात येत्यात. मग दिवसाची लाईट मागाया म्या नको व्हय?"

मी म्हणाले, "या. पण पुढं उभं ऱ्हायचं नाय. फोटोत यायचं नाय. बायकांच्या मागं चालायचं आन् आमी म्हणू त्ये म्हणायचं."

ते म्हणाले, "बोक्याचं बी?"

"बोक्याचं बी."

"बरं," म्हणाले. "शिकव मला. आत्ताच शिकव, फोनवर."

आणि ताई, मी शिकवलं. एक एक ओळ, ते मागून म्हणत गेले, ठेका चुकवत, दम लागत. कडव्याशी आल्यावर एकदा अडखळले आणि मग एवढ्या मोठ्यानं म्हणाले की क्लासमधल्या मुलांनी टायपिंग थांबवून माझ्याकडं बघितलं.

याचं पोस्टर मी कुणाला करू देणार नाही. तुलासुद्धा करू दिलं नसतं.